गुडघ्याच्या वर

“तू नुसतं हो म्हण. बाकी आम्ही बघतो,” इंदूकाकू म्हणाल्या.

भर दुपारी नवरा-बायको दोघं माझ्या पार्लरात आली होती. शहाजीअण्णांनी बायकांच्या पार्लरात कधी पाय ठेवला नव्हता. खुर्ची दिली तरी बसेनात. रस्त्याकडं पाठ करून दारातच उभे राहिले.

“कशाला हो म्हणू, काकू?”

“की तुझ्या वॅक्सनं झालं.”

“काय झालं?”

“आता वेड पांघरू नकोस वैजू. तूच नेलीस ना तिला डॉक्टरकडं?”

नेलं होतं. मीच नेलं होतं, कारण तिच्या आईनं नेलं नव्हतं.

तनुजा या दोघांची थोरली मुलगी. वैशाखात लग्न झालं, मेकअप मीच केला. नवरा रणजित पुण्याकडं कंपनीत, सासर आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर. आषाढात नवी नवरी माहेरी राहते, त्यामुळं ती आली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. श्रावण लागला तरी पोरगी इथंच. मग पाणवठ्यावर, गिरणीत, सगळीकडं एकच. “पंचमीला हिला आणायला कोण जाणार गं? ही तर गेलीच नाही!”

एक दिवस ती माझ्याकडं आली, आतल्या खोलीत गेली आणि म्हणाली, “वैजूताई, बघ ना हे काय झालंय.”

ओटीपोटाच्या खाली आणि जांघेत बारीक बारीक फोड होते. भिजलेल्या साबुदाण्यासारखे, चकचकीत, प्रत्येकाच्या मधोमध खळी. आणि त्यांच्या आजूबाजूला कातडी जळून सोललेली.

“हे भाजलं कशानं?”

“आईनं चुना लावला. आणि धुण्याचा सोडा.”

आमच्याकडं चामखीळ आली की चुना-सोडा लावून जाळतात. मानेवरची, हातावरची चामखीळ जाळतात ते एकवेळ ठीक. ही बाई तिथं जाळत बसली! पोरगी ओरडू नये म्हणून तोंडात पदर दिला होता म्हणे. डॉक्टरकडं नेलं असतं तर गावाला कळलं असतं. चुना घरातच होता.

“सासूनं यावरनंच धाडलं म्हणतेस, तर तिला कसं कळलं?” मी विचारलं.

“यांच्या हाताला लागलं. आणि जाऊन आईला सांगितलं.”

“नवऱ्यानं? आईला?”

“हो. मग त्या म्हणाल्या, हा घाण आजार तू माहेराहून घेऊन आलीस. आषाढाला जा आणि तिकडंच राहा.”

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि तिला एसटीनं बार्शीला नेलं. कातडीची डॉक्टरीणबाई होती, तरुण, जरा घाईची. पण तिनं नीट तपासलं. चुन्याचं बघून कपाळावर हात मारला, आधी त्या भाजण्यावर मलम दिलं, मग बोलली.

“घाबरू नकोस. याला मोलस्कम म्हणतात. विषाणू आहे, फक्त वरच्या कातडीत राहतो. रक्तात जात नाही, मूल व्हायला अडचण नाही. बहुतेकांचा आपोआप जातो, पण वेळ खातो. महिने लागतात, कधी वर्षही लागतं. लवकर हवं तर मी काढून देईन, भाजलेलं बरं झाल्यावर.”

“पण आला कुठून?” तनुजा म्हणाली.

“कातडीला कातडी लागून. लहान पोरांना खेळताना होतो, एकच टॉवेल वापरून होतो. मोठ्या माणसाला या जागी आला, तर बहुतेक वेळा संबंधातून. नवऱ्याच्या अंगावर आहेत का असे?”

तनुजा खाली बघत म्हणाली, “अंधारच असतो.”

“मग त्याला उजेडात घेऊन ये. दोघांच्या बाकीच्याही तपासण्या करून घेऊ, एकाबरोबर दुसरं असू शकतं. तोवर खाजवायचं नाही, फोडायचं नाही, तिथं ब्लेड फिरवायचं नाही, नाहीतर पसरतात. टॉवेल वेगळा. आणि पूर्ण बरं होईपर्यंत जवळ जायचं नाही. निरोध वापरला तरी झाकलेल्या भागापुरताच उपयोग, आजूबाजूची कातडी लागतेच.”

मी न राहवून विचारलं, “मॅडम, वॅक्सिंगनं होतं का?”

“होऊ शकतं. मेण, पट्ट्या, हात स्वच्छ नसतील तर होऊ शकतं. का? तू तिथलं केलंस?”

“छे हो! आमच्या गावात तिथलं कोण करतं? लग्नाआधी पाय केले होते, गुडघ्यापर्यंत. नऊवारीखाली दिसतं किती!”

“मग तुझा काय संबंध?” असं म्हणून तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझा काय संबंध ते आता अण्णा दारात उभं राहून सांगत होते.

“रविवारी ते लोक येणार आहेत. रणजित, त्याची आई, त्याचा मामा. मामा समजूतदार आहे. तो म्हणतो, रोग बाहेरनं आला असेल, पोरीचा दोष नसेल, तर नेतो आम्ही. तर पार्लरातनं आला असं ठरवायचं.”

“ठरवायचं?”

“म्हणजे तसं झालं असेल की.”

“अण्णा, मी गुडघ्यापर्यंत वॅक्स केलंय. फोड कुठं आलेत तुम्हाला माहीत आहे का?”

त्यांनी मान फिरवली. काकू घाईनं म्हणाल्या, “तेच तर सांगतेय. तू म्हणायचं, मी वरपर्यंत केलं. पोरगी नको म्हणत होती, मीच केलं, हल्लीची फॅशन म्हणून.”

म्हणजे मेण घाण ते माझं, हात घाण ते माझे, आणि वर मी पोरीला न विचारता तिचं लुगडं वर केलं! हे सगळं मी तीन परक्या माणसांसमोर माझ्या तोंडानं सांगायचं.

“आणि माझं दुकान?”

“वर्षभरात विसरतात लोक,” अण्णा म्हणाले.

“वर्षभरात विसरतात ना? मग खरं सांगून टाका. तेही विसरतील.”

“बाईची जात आहेस, पोरीच्या संसाराचा विचार कर जरा,” काकूंनी डोळ्याला पदर लावला. “तुझं काय, तू एकटी. तुला काय उद्या कुणाच्या घरी नांदायला जायचंय?”

मी नवऱ्याला सोडून आलेली होते. हे गावात कुणी विसरलं नव्हतं, आणि हे मला सांगत होते की वर्षभरात विसरतात लोक.

हे दुकान कसं उभं राहिलं ते मी इथं सांगत बसत नाही. वडील झाडाखाली आरसा टांगून दाढ्या करायचे, आणि मी सातवीतून शाळा सोडली, एवढं पुरे. गावात काचेचं दार असलेली दोनच दुकानं होती. एक औषधांचं आणि एक माझं.

“रविवारी येते मी,” मी म्हणाले. हो म्हणाले नाही. पण जाताना काकूंनी माझ्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्यांनी ते हो म्हणूनच घेतलं.

रविवारी अण्णांच्या घरी गेले तर चटईवर पुरुष, खुर्चीवर रणजितची आई. प्रमिलाबाई. अंगानं थोराड, कुंकू रुपयाएवढं, हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नाही. इथली जमीनसुद्धा बाटलेली असावी. रणजित मोबाईलमध्ये. तनुजा आत स्वयंपाकघराच्या दाराआड, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मला बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी आपली आपण बसले, चटईच्या मध्यावर.

“हीच का ती?” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“हीच,” अण्णा म्हणाले. “वैजू, सांग बरं यांना.”

मामांनी घसा खाकरला. भला माणूस वाटत होता, गावोगावची भांडणं मिटवून चेहऱ्याला एक तुकतुकी येते तशी आलेली. “हे बघ बाई, तुला कुणी रागवायला आलेलं नाही. चूक माणसाच्या हातनं होते. तू कबूल कर, आम्ही पोरीला घेऊन जातो. विषय संपला.”

“मी वॅक्स केलं,” मी म्हणाले. “गुडघ्यापर्यंत. याच्या वर माझा हात गेला नाही.”

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच त्यांच्या पोरीला चुना लावला होता.

“अगं, आठव नीट,” अण्णा म्हणाले.

“आठवायला काय झालंय? तनुजाला विचारा. आत उभी आहे.”

“तिला कशाला मध्ये घेतेस?” मामा म्हणाले.

तिच्या अंगावर उठलेलं, तिच्या संसाराचं चाललेलं, आणि तिला मध्ये घ्यायचं नव्हतं!

“माझ्या लेकराला आधी काही नव्हतं,” प्रमिलाबाई सुरू झाल्या. “सोन्यासारखं शरीर त्याचं. हिच्या संगतीनं वाटोळं झालं. हल्ली पोरी लग्नाआधी कुठं कुठं जातात, काय काय भादरून घेतात. आमच्या वेळी न्हावीण यायची, न्हाऊ घालायची, नखं काढायची, संपलं. आता तिच्याच पोरी दुकानं थाटून बसल्यात. एकाची घाण दुसऱ्याला लावायचा धंदा!”

मी जास्त बोलायचं नाही असं ठरवून आले होते. एवढंच सांगायचं आणि उठायचं. पण धंद्याचं नाव काढलं तसं डोकं फिरलं.

“बाई, घाण एकाची दुसऱ्याला लागते म्हणता ना? मग मला सांगा. हळदीच्या दिवशी मी याच घरात होते. तुमच्याकडनं पितळेच्या वाटीतनं उष्टी हळद आली. तुमच्या पोराच्या अंगाला लावलेली, त्याच्या अंगावरून काढलेली. तीच इथं हिच्या अंगाला चोळली. माझं मेण गुडघ्याच्या खाली लागलं आणि फोड वर आले असं तुम्हाला पटतंय. मग त्या हळदीतनं आले असं का नाही पटत?”

“वैजू!” काकू किंचाळल्या.

उष्ट्या हळदीबद्दल असं बोलतात का कुणी? नवरदेवाची हळद ती. तिची वाट बघतात, ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मलाही माहीत होतं की हळदीचा काही दोष नसणार. मला फक्त त्या बाईला दाखवायचं होतं की दुसऱ्याच्या वस्तूवर बोट ठेवलं की कसं वाटतं.

प्रमिलाबाई उभ्याच राहिल्या. पिशवी पडली.

“जीभ झडेल तुझी! आमच्या हळदीला नावं ठेवतेस? आमची हळद चोख होती. मी स्वतः उभी होते तिथं. सगळ्या करवल्यांना सांगितलं होतं, छातीला लावा, हाताला लावा, तोंडाला लावा. मांड्यांना हात लावायचा नाही, पोटाच्या खाली न्यायची नाही. तिथं त्याला फोड होते म्हणून पंचा काढू दिला नाही मी! एक ठिपका लागू दिला नाही हळदीला! आणि तू—”

“आई!” रणजित ओरडला.

प्रमिलाबाईंना आपण काय बोललो ते अजून कळलं नव्हतं. त्या अजून हळदीचीच बाजू घेऊन उभ्या होत्या, छाती वरखाली होत होती. आधी मामांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरची तुकतुकी गेली.

“म्हणजे लग्नाआधीपासून आहेत याला,” मी म्हणाले.

“ते... ते वेगळे होते,” प्रमिलाबाई खाली बसल्या. “उष्णतेचे.”

“रूमवर आम्ही सहाजण,” रणजित मोबाईलकडं बघतच पुटपुटला. “टॉवेल कुणाचाही कुणी वापरतो.”

असेल. टॉवेलातूनही होतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, आणि रूमवर त्यानं काय केलं ते शोधायला मी गेले नव्हते. मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं आता हा बाप उठेल. त्याच्या पोरीला घाण म्हणून घरातून काढली होती, आणि घाण म्हणणाऱ्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. आता तरी तो जावयाची कॉलर धरेल, निदान आवाज चढवेल.

अण्णांनी सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा.

“चला, म्हणजे दोघांनाही एकच आहे,” ते म्हणाले. “मग भांडण कसलं?”

“बरोबर,” मामा लगेच म्हणाले. “दोघांनी औषध घ्यायचं, संपलं. उद्याच घेऊन जातो आम्ही सूनबाईला.”

“फक्त वैजू,” अण्णा माझ्याकडं वळले, आवाज एकदम गोड, “बाहेर सांगायला काहीतरी लागेल. एवढे दिवस पोरगी घरी होती. तर ते पार्लरचंच राहू दे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“अण्णा, आत्ता ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं गं. घरातलं घरात. पण बाहेर जावयाचं नाव कसं घ्यायचं?”

“आणि माझं घ्यायचं?”

“तुझं काय...” ते म्हणाले आणि थांबले. बाकीचं मला ऐकू आलंच.

बांगड्या वाजल्या आणि तनुजा बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता. ती नवऱ्याकडं गेली नाही, बापाकडं नाही, सरळ सासूसमोर येऊन उभी राहिली.

“आत्या, तुम्ही हळदीला लागू दिलं नाहीत.”

“काय?”

“फोड होते म्हणून हळदीला जपलंत. पंचा काढू दिला नाहीत. मग त्याच रात्री नाही, दुसऱ्या रात्री मला त्याच खोलीत पाठवलंत. दाराला कडी तुम्हीच घातलीत बाहेरून. हळदीला जपलंत, मला का नाही?”

मला खरंच वाटतं, हा प्रश्न प्रमिलाबाईंच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. त्या वाईट बाई होत्या असं मी म्हणणार नाही. हा प्रश्नच न पडणं त्याहून वाईट.

“तनुजा, आत जा,” काकू म्हणाल्या.

“मला काही त्रास होत नाही त्याचा,” रणजित म्हणाला. “उगाच बाऊ केलाय.”

“मला होतो,” तनुजा म्हणाली. “आईनं मला जाळलं. तुमच्या आईनं मला हाकललं. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मोबाईल बघत बसलात. आधी डॉक्टरकडं चला. माझ्याबरोबर, त्याच दवाखान्यात. ती सांगेल तेवढे दिवस मी इथंच राहणार. नंतर यायचं का नाही ते मी बघेन.”

“बघेन?” मामा म्हणाले. “हे काय बोलणं झालं?”

“आणि वैजूताईचं नाव कुणी घ्यायचं नाही.”

ते लोक चहा न घेता गेले. काकू माझ्या अंगावर धावून आल्या, मोडलास संसार माझ्या पोरीचा, म्हणाल्या. अण्णा चटई गुंडाळत होते.

आणि नाव घ्यायचं नाही म्हणून सांगितलेलं नाव चार दिवसांत सगळ्या गावाच्या तोंडी झालं. कोणी सुरू केलं मला माहीत नाही. प्रमिलाबाईंनी केलं असेल, अण्णांनी केलं असेल. खरं सांगायचं तर दोघांचीही सोय होती त्यात. ‘वैजूकडं जाऊ नका, तिच्याकडनं पोरींना घाण रोग होतो.’ लग्नाची एक ऑर्डर होती, ती गेली. शाळेतल्या बाई दर पंधरा दिवसांनी यायच्या, त्या रस्त्याच्या पलीकडनं जायला लागल्या. मी रोज दुकान उघडायचे, आरसा पुसायचे, टॉवेल उकळून वाळत घालायचे आणि कुणी येत नाही ते बघत बसायचे. लाज मला वाटावी म्हणून सगळं गाव झटत होतं, आणि मला नुसता राग येत होता.

श्रावण सरता सरता एका बाजाराच्या दिवशी तनुजा आली. सकाळी दहाला, रस्ता भरलेला असताना, एकटी, चालत. दार ढकललं आणि खुर्चीत बसली.

“आयब्रो कर.”

“कशाला आलीस? तुझी आई—”

“आईला सांगून आलेय. रणजितचा काल फोन आला होता. डॉक्टरकडं एकटाच जाऊन आला म्हणे, आता ये म्हणतो. मी म्हटलं, माझ्याबरोबर जायचं ठरलं होतं.” तिनं मान मागं टाकली. “जाड झाल्यात बघ किती.”

काचेच्या दाराला आतून पडदा होता, गिऱ्हाईक बसलं की मी ओढून घ्यायचे. तसा ओढायला गेले.

“राहू दे,” ती म्हणाली. “आणि खुर्ची जरा तिकडं फिरव.”

मी खुर्ची रस्त्याकडं फिरवली. दोरा बोटांत घेतला, एक टोक दातात धरलं आणि काम सुरू केलं. बाहेर बायका थबकायला लागल्या. एक थांबली, तिला बघून दुसरी थांबली. मग गिरणीवाल्यांच्या शकूकाकू, कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून, दार अर्धं उघडून आत डोकावल्या.

“अगं ए तनुजा! हिच्याकडं कशाला बसलीस परत? एवढं झालं ते पुरे नाही झालं का?”

माझ्या दातात दोरा होता. सोडला असता तर मी काय काय बोलले असते ते इथंही छापता येणार नाही. पण भुवई अर्धी झाली होती, आणि अर्ध्या भुवईत मी दोरा सोडत नाही.

तनुजानं डोळे मिटलेलेच ठेवले. आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत गेला.

“ते मला नवऱ्याकडनं झालंय, काकू. हिच्याकडं मी आयब्रो करते.”

बाहेर कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. शकूकाकू ना आत येईनात, ना बाहेर जाईनात. जुडीतनं पाणी ठिबकत होतं माझ्या पुसलेल्या फरशीवर.

“आणि दार लावून घ्या, माश्या येतात,” तनुजा म्हणाली. “बसायचं असेल तर बसा तिथं बाकावर. माझं झालं की तुमचा नंबर.”